काल्पनिक राज्याचा राजधर्म रचतोय, पण त्यात जीव येत नाहीये

गिरणाकाठचा | शनिवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. दोन वर्षांपासून एक कादंबरी लिहितोय. जादूच्या दुनियेतली, पण बर्फाचे डोंगर आणि धुक्यातले किल्ले असली नव्हे. उन्हाची दुनिया आहे. मे महिन्यात दुपारी दोनला भुसावळच्या फलाटावर उभं राहिल्यावर सुचलेली.

राज्याचं नाव तपनखंड. मधोमध एक नदी, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारी. ही सरळसरळ आपल्या तापीवरून उचलली आहे. तापी पुराणांत सूर्याची लेक. माझ्या राज्यातही नदी सूर्याची लेकच आहे, फक्त तिथे ते अक्षरशः खरं आहे. दर उन्हाळ्यात ती बापाकडे निघून जाते, म्हणजे पात्र कोरडं ठक्क पडतं. तिला परत आणायला राजाला एक विधी करावा लागतो. विधी चुकला तर नदी येत नाही.

या विधीभोवती मी अख्खा राजधर्म उभा केला. नाव ज्योतमत. सात देव, प्रत्येकाचा वार, रंग, धातू, देऊळ. सगळ्यांत वर महाज्योतधर, त्याच्या हाताखाली सात ज्योतधर, त्यांच्या हाताखाली एकोणपन्नास दीपक. तीन कांडांचा ग्रंथ. पाखंड्याला कोणती शिक्षा हेही ठरलंय. दोनशे पानी वही भरली.

आणि तिसऱ्या प्रकरणाला बसलो तर अडकलो. नायिका सोळा वर्षांची, बाप नावाडी. ती सकाळी उठते, आणि तिच्या घरात या धर्माचं नेमकं काय होतं तेच मला ठाऊक नाही. महिनाभर ती पोरगी अंथरुणावर उठून बसलेली आहे.

सुचवा काहीतरी. शिव्या घातल्या तरी चालेल, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) समजून घेईन.

भरीत_पुरी | रात्री १०:३१

भो, सात देव, सात रंग, सात धातू. एखादा देव रजेवर पाठव ना! सहा असले तर काय बिघडतं? वाचणाऱ्याला आठवड्याचं वेळापत्रक पाठ करायला लावू नको.

माझा एकच प्रश्न. ते लोक सणाला खातात काय? दोनशे पानांत एकदाही चूल पेटली आहे का? ज्या धर्मात नैवेद्य ठरलेला नाही तो धर्म आमच्या गल्लीत तरी चालणार नाही.

उगाच_शंका | रात्री १०:५०

मला वेगळी शंका आहे. तुमच्या जगात विधी केला की नदी येते, नाही केला की येत नाही. दरवेळी. मग याला धर्म का म्हणायचं? हा तर पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह झाला. व्हॉल्व्हवर कोणी श्रद्धा ठेवत नाही, तो फिरवतात. तुमचा महाज्योतधर हा पुजारी नसून पाणीपुरवठा कर्मचारी आहे, आणि पाखंडी म्हणजे ज्याला व्हॉल्व्ह नको तो. असा माणूस कशाला असेल?

अद्भुत कथांत ही चूक नेहमी होते. देव समोर उभा केला की संशय मरतो, आणि संशय मेला की गोष्टही मरते.

गिरणाकाठचा | रात्री ११:०५

@भरीत_पुरी, चूल पेटलेली नाही. लाज वाटली वाचून.

@उगाच_शंका, हे लागलं. पण नदी खरोखर परत येणं मला सोडायचं नाहीये. तेवढी एकच जादू आहे पुस्तकात.

खानदेशी_पुण्यात | रात्री ११:२०

नदी ठेव, पण ती नेमकी कशामुळे येते हे कोणालाच पक्कं माहीत नसू दे. राजा म्हणतो माझ्या दिव्यामुळे. नावाडी म्हणतात आमच्या हाकेमुळे. डोंगरातले म्हणतात तुम्ही कोणीच काही केलं नाही तरी ती येते, तुम्ही कधी न करून पाहिलंय का? आणि करून पाहायची हिंमत कोणाची होत नाही, कारण चुकलं तर अख्खं राज्य तहानेने मरेल. तो संशयही झाला आणि राजाची सत्ताही झाली.

दुसरं, वरून खाली उतरवलेला धर्म रुजत नाही हे विसरू नकोस. अकबराने १५८२ च्या सुमारास दीन-ए-इलाही काढला. बादशहा स्वतः गुरू, तरी अनुयायी हातावर मोजण्याइतके, हिंदू सरदारांत एकटा बिरबल. साम्राज्य एवढं मोठं आणि धर्म दरबारातल्या एका बैठकीपुरता. तुझे एकोणपन्नास दीपक दरबाराबाहेर कधी पडतात का?

तापीपार | रविवार, सकाळी ६:४८

मी निवृत्त शिक्षक, शिरपूर तालुक्यातला. कादंबऱ्या फारशा वाचत नाही, पण धागा वाचून झोप गेली म्हणून लिहितो. जरा लांबेल.

तुम्ही राजधर्म शोधायला कल्पनेत गेलात. तुमच्या पायाखालीच दोनशे वर्षांहून जास्त टिकलेलं एक राज्य आहे. १३७० मध्ये फिरोजशाह तुघलकाने मलिक राजाला आमच्याकडचं थाळनेर आणि करवंद जहागीर म्हणून दिलं. १३८२ पासून तो जवळपास स्वतंत्रच. आपण खलिफा उमर फारुक यांच्या वंशातले असं या घराण्याचं म्हणणं, म्हणून फारुकी. दौलताबादचे सूफी झैनुद्दीन शिराझी यांच्याकडून त्याला खिरका, म्हणजे गुरूचा अंगरखा, मिळाला अशी परंपरा सांगतात. मुलगा नासिरखान याने अहिरांकडून असीरगड घेतला आणि तापीवर शहर वसवलं. त्याला नाव दिलं झैनुद्दीनांचे गुरू बुऱ्हानुद्दीन गरीब यांचं: बुऱ्हाणपूर. समोरच्या तीरावर शिष्याच्या नावाने झैनाबाद. नदीच्या एका काठाला गुरू, दुसऱ्या काठाला चेला. आता सांगा, एकोणपन्नास दीपकांपेक्षा हे सोपं आणि खोल नाही का? राजाने काही नवं शास्त्र रचलं नाही. त्याने अंगरखा जपला आणि गावांना नावं दिली.

पुढचं ऐका. त्याच बुऱ्हाणपुरात आदिलशाह फारुकीने सोळाव्या शतकाच्या अखेरीस जामा मशीद बांधली. आत अरबी लेख आहे, आणि संस्कृत लेखही आहे! सृष्टिकर्त्याला नमन, राजाची वंशावळ, आणि तिथी संवतात आणि शकात. मी दोनदा जाऊन पाहिला. राजधर्म कोणता, तर तो भिंत पाहून कळतो. पण राज्य करायचं ज्यांच्यावर, त्यांची तिथी त्याच भिंतीत कोरावी लागते.

आणि नावाचं म्हणाल तर १६०१ च्या जानेवारीत असीरगड पडला, खानदेश प्रांत अकबराच्या हातात गेला, शहजादा दानियालवरून त्याचं नाव दानदेश ठेवलं. आज कोणी म्हणतं का दानदेश? तुमच्या ज्योतमताचंही कागदावर एक नाव असू द्या आणि लोकांच्या तोंडी दुसरंच.

भरीत_पुरी | सकाळी ८:०२

आबा, दानदेशी भरीत! नाही, नाही जमत. बरं झालं पुसलं गेलं.

कळण्याची_भाकरी | सकाळी ११:१५

गिरणाकाठचा भाऊ, तुम्ही पुरुष आहात हे पहिल्या पोस्टवरूनच कळलं. पदं, शिक्षा, ग्रंथ. तुमची नदी उन्हाळ्यात बापाकडे जाते असं लिहिलंत आणि पुढे निघून गेलात. अहो, ती आखाजीला माहेरी जाते! वैशाखातच नद्या आटतात आणि वैशाखातच लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराई मांडतात. तुमच्या राज्यात नदी माहेरी गेली की साऱ्या सासुरवाशिणी माहेरी जात असणार. आणि ती परत यायची तेव्हा त्याही परत. मग काही जणींना नदी परत यायला नकोच असणार ना? घ्या तुमचा पाखंड.

आता चुलीचं. मी धुळ्याची, सासर शिंदखेडा तालुक्यात. आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते, नागपंचमीनंतरच्या रविवारी. घर रंगवून काढतात, चौरंगावर नारळाची कानबाई सजवतात, रात्री जागरण, सोमवारी वाजतगाजत विसर्जन. पण खरी गंमत रोटांची. कानबाईचे रोट म्हणजे पुरणपोळ्या, खीर, आमटी, गिलक्याची भजी असा सगळा बेत, पण पीठ कुठलंही चालत नाही. आमच्याकडे आदल्या दिवशी गहू मोजतात, घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ. भाऊबंदांतली सगळी घरं एका ठिकाणी जमतात आणि थोरल्या जाऊबाई नाव घेत घेत मूठ टाकतात. मुंबईला नोकरीवर असलेल्याची मूठ पडते, पाळण्यातल्या पोराचीही पडते. मी लग्न होऊन आले त्या वर्षी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला ती खानेसुमारीच वाटली. मुठी मोजल्या की कळतं, वंशात किती जण.

आणि ते रोट बाहेरच्याला द्यायचे नाहीत. फक्त भाऊबंद. आमच्याकडे लग्न झालेल्या लेकीलाही चालत नाहीत. माझी नणंद त्या दिवशी आली तर तिच्यासाठी वेगळ्या पिठाच्या पोळ्या लाटतो. दरवर्षी ती हसून खाते. मी तिच्या तोंडाकडे पाहत नाही.

तुमची नायिका सकाळी उठते आणि घरात गहू मोजणं चालू आहे. तिच्या नावाची मूठ पडत नाही. झालं प्रकरण सुरू.

भरीत_पुरी | सकाळी ११:२१

ताई, दंडवत.

गिरणाकाठचा | सकाळी ११:४०

मी दोन वर्षं काय करत होतो असा प्रश्न पडलाय.

आमच्याही घरी रोट होतात. चाळीस वर्षं खातोय. एकदाही डोक्यात आलं नाही.

उगाच_शंका | दुपारी १२:३०

सुंदर आहे, पण हा कुळाचार झाला, राजधर्म नव्हे. कानबाईला राजा लागत नाही. पुरोहितही फारसा लागत नाही. घरातलं व्रत आणि राज्याचा धर्म यांच्यातली शिडी कुठे आहे? ती दाखवल्याशिवाय दोन्ही शेजारी ठेवून काही होणार नाही.

शिवाय एक सावधगिरी. कानबाई लोकांच्या जिवाची आहे. तिला जशीच्या तशी उचलून एखाद्या दुष्ट राजाच्या हातात दिलीत तर लोक दुखावतील, आणि त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

कळण्याची_भाकरी | दुपारी १२:५२

पटलं. देवी घेऊ नका. मोजण्याची रीत घ्या.

तापीपार | दुपारी १:३०

शिडी माझ्याकडे आहे. तीही गिरणाकाठच्यांच्या तालुक्यातच.

चाळीसगावजवळचं पाटण. आपण पाटणादेवीला सहलीला जातो, धबधबा पाहतो, डबे उघडतो आणि परत येतो. तिथे शके ११२८ चा शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. त्याने आजोबांचा सिद्धांतशिरोमणी हा ग्रहगणिताचा ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला. त्या भागातले यादवांचे मांडलिक निकुंभ घराण्याचे सोइदेव आणि हेमाडिदेव. त्यांनी मठाला देणग्या दिल्या. लेखाचा बराच भाग संस्कृत, वंशावळी वगैरे. पण शेवटी जिथे प्रत्यक्ष देण्याघेण्याचा विषय येतो तिथे भाषा बदलते आणि जुनी मराठी येते! कारण तेल्याला आणि वाण्याला कळलं पाहिजे.

काय म्हणतो तो मराठी भाग? जितके घाणे चालतात त्या दर घाण्यामागे पळीपळी तेल मठाला. आणि त्याहून महत्त्वाचं: इथे जे काही मोजलं जाईल ते मठाच्या मापाने मोजावं, मापणावळ, म्हणजे मोजणीची मजुरी, अर्धी मठाला, अर्धी मापाऱ्याला.

हे वाक्य मी वर्गात दरवर्षी सांगायचो आणि पोरं जांभया द्यायची. मठाचं माप! देव कोणता, मंत्र कोणता, हे बाजारातल्या माणसाला विचारू नका. त्याला विचारा, तुझं धान्य कोणाच्या मापाने मोजतात? राजाने मठाला जमीन दिली तर तो दानशूर. पण मठाचं माप बाजारात सक्तीचं केलं की मठ राज्याचा झाला आणि राज्य मठाचं.

आता ताईंची मूठ आणि हे माप एकत्र करा.

खानदेशी_पुण्यात | दुपारी १:४४

आबा. काटा आला अंगावर.

गिरणाकाठचा | दुपारी २:२०

मिळालं. मिळालं मंडळी. लिहितो तसं वाचा.

पूर्वी तपनखंडात नदी माहेरून यायच्या आदल्या दिवशी घरोघर माणसागणिक मूठभर गहू मोजायचे आणि त्याच्या भाकरी नदीच्या वाटेवर ठेवायचे. लेक थकून येते, भुकेली असेल, एवढाच विचार. प्रत्येक घराची मूठ वेगळी, मोजणारीच्या हाताएवढी.

मग पहिल्या राजाने म्हटलं, कोणाची मूठ मोठी, कोणाची लहान, हा नदीचा अपमान आहे. त्याने स्वतःच्या मुठीत मावतील तेवढे गहू घेतले आणि तेवढ्याच मापाचं तांब्याचं माप ओतून घेतलं. राजमूठ. गावोगाव एक एक मापारी नेमला. त्या दिवशी घरोघर राजमुठीनेच मोजायचं. मापारी नावं लिहून घेतो. किती घरं, किती माणसं, कोण मेलं, कोण जन्मलं. वर्षभर कर त्याच यादीवर, सैन्यात भरती त्याच यादीवर. ज्याची मूठ पडली नाही तो माणूस राज्याच्या लेखी जन्मलाच नाही.

सात देव काढून टाकले. ज्योतधर गेले, मापारी आले. वहीची दीडशे पानं गेली, जाऊ दे.

भरीत_पुरी | दुपारी २:३३

आणि राजा मेला की? नवीन राजाची मूठ ओतणार ना? म्हणजे गादीवर पैलवान बसला की माप मोठं, कर जास्त. मी प्रजा असतो तर लहान हाताचा राजा यावा म्हणून नवस बोललो असतो.

गिरणाकाठचा | दुपारी २:३४

भाऊ, तू मस्करीत काय बोललास ते कळलंय का तुला?

भरीत_पुरी | दुपारी २:३५

नाही, पण श्रेय मिळणार असेल तर मुद्दाम बोललो.

खानदेशी_पुण्यात | दुपारी ३:०५

राजा मेला. वारस सात वर्षांचा पोर, इवलीशी मूठ. नियमाप्रमाणे नवं माप त्याच्या मुठीचं. लोक आनंदात, मापाऱ्यांच्या पोटात गोळा. ते म्हणणार, राजा मेला तरी मूठ मरत नाही, पहिली मूठ हीच खरी, बाकी सगळं पाखंड. म्हणजे राजधर्म राजाच्याच विरोधात उभा राहिला. आणि त्या वर्षी नदी उशिरा आली की दोन्ही बाजू म्हणणार, बघा, आम्ही सांगत होतो.

@उगाच_शंका, आता आहे की नाही संशय?

उगाच_शंका | दुपारी ३:३०

आहे. मान्य.

सातपुडा_वारा | संध्याकाळी ७:१०

उशिरा आलो. मी अक्कलकुवा तालुक्यात शाळेवर आहे, नेटवर्क डोंगर उतरल्यावर मिळतं.

एक विनंती आणि एक गोष्ट. विनंती अशी की वर कोणीतरी "डोंगरातले म्हणतात" असं लिहिलंय, तिथून पुढे त्या लोकांना जडीबुटीवाले, मंत्र टाकणारे, रात्री शेकोटीभोवती नाचणारे करू नका. प्रत्येक अद्भुत कथेत डोंगरातला माणूस एकतर जादूगार असतो नाहीतर दरोडेखोर. माझे विद्यार्थी वाचतील तर त्यांना काय वाटेल?

गोष्ट अशी. आमच्याकडे काठी नावाचं गाव आहे, जुनं भिलांचं संस्थान. तिथली होळी राजवाडी होळी म्हणून प्रसिद्ध. दूरदूरची माणसं पायी येतात. होळीसाठी उंच बांबू आणतात, आणि तो रोवायचा खड्डा अवजार न वापरता हाताने उकरतात. ज्यांचा नवस असतो ते आधी काही दिवस पाळणी, म्हणजे व्रताचे नियम पाळतात. बावा आणि बुध्या होतात, अंगावर राखेची नक्षी, डोक्यावर मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरू नाहीतर भोपळे. रात्रभर ढोल. पहाटे होळी पेटते. भटजी नाही, पोथी नाही, देऊळही नाही.

आता बघा, संस्थान कधीच विलीन झालं. राजाला कर द्यावा लागत नाही, राजाचं शिपाईदळ नाही. तरी नाव राजवाडी, मान त्याच घराण्याचा. लोक तो आपणहून देतात. तुमच्या राजमुठीच्या अगदी उलट. तिथे राज्य आहे म्हणून विधी, इथे राज्य गेलं तरी विधी.

तुमच्या डोंगरातल्यांना असं काहीतरी द्या. त्यांचाही राजा आहे, पण तो मोजत नाही. त्याच्या हातात फक्त पहिला असण्याचा मान आहे.

कळण्याची_भाकरी | संध्याकाळी ७:४०

सर, फार छान. मानाचं खरंच आहे. आमच्या गावात पोळ्याला मानाचा बैल पहिला दरवाज्यातून जातो. त्या एका बैलापायी दोन घरं तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती. करापायी एवढी भांडणं पाहिली नाहीत.

वणीच्या सप्तशृंगी देवीचंच घ्या. आपले लोक चैत्रात गडावर पायी जातात. शिखरावर निशाण लावायचा मान दरेगावच्या गवळी पाटलांचा. ती वाट एवढी अवघड, पण तो मान कोणी पैसे देऊन घेऊ शकत नाही.

खानदेशी_पुण्यात | रात्री ८:१५

"डोंगरातले म्हणतात" माझंच. चुकलं सर. आळशीपणाने लिहिलं.

उगाच_शंका | रात्री ९:००

मोजणं वाईट आणि मान चांगला असा सरळ हिशेब करू नका मात्र. मापारी यादी करतो म्हणूनच दुष्काळात कोणाच्या घरी किती तोंडं हे राज्याला कळतं, आणि कोठारातून धान्य निघतं. मठाच्या मापाने तेल्याला लुबाडलं असेलही, पण बाजारात एकच माप असल्याने गिऱ्हाईक वाचलं असेल. आणि पाटणच्या त्या तेलावर कोणीतरी ग्रहगणित शिकलंच की. एखादा मापारी भला माणूस करा. नाहीतर पुन्हा तोच पांढऱ्या दाढीचा दुष्ट पुजारी आणि त्याची कारस्थानं.

मानाचंही तसंच. मान रक्ताने मिळतो. तुमच्या नावाड्याच्या पोरीला डोंगरात तरी कोण मान देणार आहे?

तापीपार | रात्री ९:२०

शंकासाहेब, आज तुम्ही माझ्या वर्गात असता तर जांभया देणारी पोरं जागी झाली असती.

गिरणाकाठचा | सोमवार, रात्री १२:१०

झोप येत नव्हती, लिहून काढलं. सुरुवात टाकतो. नावाड्याच्या पोरीचं नाव अजून ठरत नाही, "ती" म्हणून चालवून घ्या.

*मापारी आला तेव्हा ती चुलीपाशी राख काढत होती. म्हातारा होता. दारातच त्याने जोडे काढले, पोटाशी धरलेलं फडकं सोडलं आणि तांब्याची मूठ परातीच्या काठावर ठेवली. ठेवताना ती किणकिणली. आईने पदर सावरला.*

*"किती?" मापाऱ्याने विचारलं.*

*"तीन," बाप म्हणाला. "मी, थोरला, धाकटा."*

*पीठ पडलं. एक. दोन. तीन. प्रत्येक मुठीवर थोडं थोडं वरचं. परातीत तीन ढीग झाले. म्हाताऱ्याने बोरूने तीन रेघा ओढल्या. मग त्याने मान वर केली आणि चुलीकडे पाहिलं.*

*"ही?"*

*"ही जायची आहे," आई म्हणाली.*

*म्हाताऱ्याने बोरू तसाच धरून ठेवला. कोरड्या नदीकडून वारा आला आणि परातीतलं पीठ थोडं उडालं. त्याने फडक्याने मूठ झाकली.*

*"पाऊस लांबला तर कोठारातून तिघांचंच मिळेल," तो म्हणाला. "मी सांगून ठेवतो."*

सातपुडा_वारा | सकाळी ६:०५

"ही जायची आहे." बास.

भरीत_पुरी | सकाळी ७:५०

मापाऱ्याला चहा तरी विचारा रे कोणी.

खानदेशी_पुण्यात | सकाळी ९:३०

वरचं म्हणजे सव्वातला पाव ना? ती पाव मूठ कोणाची? एक मूठ माणसाची हे कळलं. पाव कोणाला जाते? तिथे काहीतरी दडलेलं आहे असं वाटतंय.

कळण्याची_भाकरी | सकाळी १०:४५

आत्ता सासूबाईंना फोन लावून विचारलं. मला वाटलं काहीतरी मोठं सांगतील, देवीचा वाटा, पितरांचा वाटा. त्या म्हणाल्या, "कमी पडाले नको म्हनीसन." एवढंच. वर मलाच विचारलं, तू सकाळी सकाळी हाई काय इचारी रायनी?

गिरणाकाठचा | सकाळी ११:००

म्हणजे घरात कमी पडू नये म्हणून टाकलेली पाव मूठ, आणि राज्याने तीच धरून राजभाग ठरवला. सगळा कर त्या पावातून. ताई, तुमच्या सासूबाईंना पुस्तकाची पहिली प्रत पोचवणार.

कळण्याची_भाकरी | सकाळी ११:०८

त्यांना वाचता येत नाही भाऊ. मी वाचून दाखवीन. एक मात्र दुरुस्त करा. पीठ नाही मोजत, गहू मोजतात. मोजून मग दळायचे. मापारी पीठ मोजायला लागला तर कोणतीही बाई त्याला दारातून हाकलून देईल.

गिरणाकाठचा | सकाळी ११:१२

केलं. पण मग वाऱ्याने उडेल काय?

भरीत_पुरी | सकाळी ११:१३

कोंडा.